त्याच्या चंद्राच्या उरावर

१ फेब्रुवारी

सासूबाईंना पेपर वाचून दाखवायला बसले आणि आतल्या पानावर तो निघाला. गळ्यात कॅमेरा, दाढी वाढवलेली, शेजारी त्याने काढलेला चंद्र. कुठल्याशा मोठ्या स्पर्धेत पहिला आला म्हणून मुलाखत घेतली आहे. म्हणतो, ‘घरी कुणाला यात रस नव्हता. अठरा वर्षं गच्चीवर मी एकटाच होतो.’

एकटा म्हणे. मग चहाचे कप आपल्या पायांनी जिना चढत होते वाटतं. थंडीत स्वेटर कोण नेऊन देत होतं? जेवायला हाक मारली की वरून ‘आलोच, दोन मिनिटं’, आणि त्या दोन मिनिटांत ताटातलं अन्न निवून दगड व्हायचं.

सासूबाईंना ते वाक्य वाचून दाखवलं नाही. त्यांना अलीकडे नीट दिसत नाही, त्यामुळे गाळलेलं कळत नाही. त्यांनी एवढंच विचारलं, “फोटोत वाळलाय का गं?” मी म्हटलं, पेपरात सगळे सारखेच दिसतात.

गेल्या वर्षी तो फोटो क्लबातल्या एका बाईकडे राहायला गेला. मी तिला भिंगवाली म्हणते. नदीपलीकडे कुठेतरी राहतात. पत्ता मी विचारला नाही, विचारणारही नाही. जाताना आईला म्हणाला, तूही चल. सासूबाई म्हणाल्या, “सोडून तू चाललायस. मी नाही.” तेव्हापासून या घरात आम्ही दोघी. इतकी वर्षं मी त्याला ‘हे’ म्हणत आले. निदान या वहीत तरी आता ‘तो’.

पेपर घडी करताना ठरवून टाकलं. क्लबचं वार्षिक प्रदर्शन एप्रिलमध्ये असतं आणि बाहेरच्यांनाही फोटो देता येतो. त्याचा असणारच. माझा चंद्र नेऊन त्याच्या चंद्राच्या उरावर बसवीन.

मला फोटो काढता येत नाही, हे खरं. पण कपाटावर त्याचा जुना कॅमेरा आहे, ते लांब नळकांडं आहे, तीन पायांचा स्टँड आहे. सगळं चादरीत गुंडाळून ठेवलेलं. नवा घेतला म्हणून जुना टाकून गेला. म्हणजे त्या कॅमेऱ्याचं आणि माझं एकच दुखणं.

६ फेब्रुवारी

पौर्णिमा. आकाश स्वच्छ. कामावरून आल्याआल्या सगळं सामान गच्चीवर नेलं.

काय आलं? काळ्या कापडाला पडलेलं पांढरं भोक. पुन्हा काढलं, पुन्हा भोक. डोळ्यांना दिसणारे डाग, तो ससा की काय म्हणतात तो, काही म्हणजे काही नाही. मी स्टँडला लाथ मारली. स्टँडला काही झालं नाही, अंगठा सुजलाय.

सासूबाई रोजच्यासारख्या वर आल्या, घरात कोंडल्यासारखं होतं म्हणतात. खुर्ची नेऊन दिली. चंद्राकडे तोंड करून ठेवली तर म्हणाल्या, नदीकडे फिरव. “तिकडे बघवत नाही. किती ऊन पडलंय त्या चंद्रावर.” मोतीबिंदूमुळे उजेड टोचतो त्यांना. मग नदीकडे पाहत बसल्या. तिकडे आहे काय? दोन-चार उंच इमारती आणि पूल. म्हातारपणी कशात जीव रमेल सांगता येत नाही.

८ फेब्रुवारी

कामावर लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांचे फोन माझ्याकडे येतात. मी त्यांना सांगते, घाबरू नका, सारखी बटणं दाबू नका, माणूस निघालाय. आज एक गृहस्थ अडकले होते. त्यांना धीर देता देता सासूबाईंचं वाक्य डोक्यात फिरायला लागलं. ऊन पडलंय. खरंच की. चंद्रावर जो उजेड आहे तो उन्हाचाच. तिथे भर दुपार आहे आणि कॅमेरा मात्र आजूबाजूचा काळोख पाहून रात्र समजतोय, म्हणून भसाभसा उजेड आत घेतोय. गृहस्थ म्हणाले, बाई, ऐकताय ना? मी म्हटलं, हो, तुमचाच विचार करतेय.

रात्री चंद्र पुरेसा वर आल्यावर कॅमेऱ्याची आपोआप चालणारी सोय बंद केली आणि भर उन्हात मैदानावर फोटो काढताना ठेवतात तसं सगळं ठेवलं. बारीक झरोका, झटकन उघडून झटकन मिटणारा. आणि पडद्यावर चंद्र आला. राखाडी, डागांचा, काठाशी खरवडलेला. अगदी खरा.

इतका आनंद झाला की खाली जाऊन कुणाला तरी सांगावंसं वाटलं. मग आवरलं. मी हे आनंदासाठी करत नाहीये.

१७ फेब्रुवारी

आता संध्याकाळी चंद्र नाही. म्हणून फॉर्म आणायला क्लबात गेले. जिन्यात त्याचा बक्षीसवाला फोटो टांगलाय. चुका शोधायला बराच वेळ उभी राहिले. पौर्णिमेचा चंद्र, खाली कारखान्याचं धुराडं. धुराडं जरा तिरकं आहे. दुसरी चूक सापडली नाही. मेल्याला येतं, ते येतं.

टेबलापाशी भिंगवाली बसली होती. पेपरातल्या दुसऱ्या एका फोटोत तिला पाहिलं होतं म्हणून ओळखलं. मला वाटलं होतं, रंगवलेली, उंच टाचांची वगैरे असेल. माझ्याच वयाची निघाली. बटण तुटलेला कोट, नाकावर घसरलेला चष्मा. शिव्या पाठ करून ठेवाव्यात आणि समोरचं माणूस भलतंच निघावं, तसं झालं. फॉर्मवर मी माहेरचं नाव लिहिलं. तेही माझंच आहे, खोटं काही नाही. ती नावाकडे आणि मग माझ्याकडे नको इतका वेळ पाहत राहिली. फॉर्ममध्ये काही चुकलं असेल.

ती म्हणाली, कशाचा फोटो देणार? मी म्हटलं, चंद्राचा. म्हणाली, “मग पौर्णिमा टाळा. पौर्णिमेचा चंद्र म्हणजे लग्नातला ग्रुप फोटो, सगळ्यांच्या तोंडावर फ्लॅश. अर्ध्या चंद्राला ऊन बाजूने पडतं, सावल्या लांब होतात. खड्डे, डोंगर, सगळं वर येतं.”

मी आभार मानले. तिच्याच काठीने त्यांनाच झोडपणार आहे, हे तिला काय ठाऊक.

२७ फेब्रुवारी

बाई खोटं बोलली नाही. अर्धा चंद्र संध्याकाळीच डोक्यावर येतो, तेव्हा दिवेलागणीलाच काम सुरू करता आलं. उजेड आणि काळोख जिथे एकमेकांना भिडतात त्या रेषेवर खड्डेच खड्डे. देवीचे व्रण असलेला चेहरा असावा तसा. मला तो पौर्णिमेच्या गुळगुळीत तोंडापेक्षा आवडला.

पण चित्र थरथरतं. बोट लागलं तरी हलतं. आता बटण दाबून हात काढून घेते, दोन सेकंदांनी कॅमेरा आपला आपण काढतो. स्टँडच्या मधल्या आकड्याला विटा भरलेली पिशवी टांगलीय. तरीही चंद्र पाण्यात ठेवल्यासारखा लहरतो. पुष्कळ वेळाने उमगलं, दिवसभर तापलेल्या गच्चीतून वाफ वर येते, ती मधे येते. उद्या अंधार पडायच्या आत चार बादल्या पाणी ओतून गच्ची निववायची.

आणखी एक ताप. नदीपलीकडच्या उंच इमारतीत वरच्या मजल्यावर कुणाचा तरी दिवा सारखा लागतो नि विझतो. वायरिंगचा घोळ असणार. नेमका माझ्या डोळ्यांवर येतो. तिथल्या वॉचमनला जाऊन सांगायला हवं. सासूबाईंना विचारलं, तुम्हाला त्रास होत नाही का त्याचा? म्हणाल्या, नाही बाई. आणि हात हलवत बसल्या. डासही फार झालेत.

मधल्या वेळात त्यांना विचारलं, तुमचा मुलगा हरला तर तुम्हाला वाईट नाही ना वाटणार? त्या म्हणाल्या, “हरला तर हरला. जेवला म्हणजे झालं.” या बाईसारखी खमकी साथ मला मिळाली, म्हणून निभावलं.

९ मार्च

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. मोतीबिंदू पिकलाय. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन २९ मार्चला करू म्हणाले. २९ला अर्धा चंद्र आहे आणि ३१ला फोटो द्यायची मुदत संपते. गेल्या वेळचे फोटो चालण्यासारखे आहेत, जिंकण्यासारखे नाहीत.

मी डॉक्टरांना म्हटलं, जरा पुढची तारीख मिळेल का? एप्रिलच्या बाविसाव्या तारखेशिवाय जमणार नाही म्हणाले. मी म्हटलं, चालेल. बाहेर येऊन बाकड्यावर बसलेल्या सासूबाईंना सांगितलं की त्यांच्याकडे आधी जागाच नाही. त्या म्हणाल्या, बरं. रिक्षात पदर डोळ्यांवर धरून बसल्या. मग म्हणाल्या, “हल्ली एकाच्या जागी दोन-दोन दिवे दिसतात गं. कुठला खरा, कळत नाही.”

महिनाभराने काय फरक पडतो? मोतीबिंदू कुठे पळून जातोय? मी त्यांना एकटीने सांभाळते, औषधं बघते, पेपर वाचून दाखवते. त्यातला एक दिवस माझा असला तर काय बिघडलं?

२९ मार्च

आधी फोटोचं लिहिते, नाहीतर बाकीच्यात ते राहून जाईल.

दुपारपासून हवा पडलेली. दिवस मावळायच्या आत गच्ची धुतली. सासूबाई नेहमीप्रमाणे निघाल्या तर मी म्हटलं, आई, आज नको. तुमच्या पावलांनी फरशी हलते. त्या म्हणाल्या, “मी चालणार नाही. नुसती बसेन.” मी म्हटलं, आजच्या दिवस ऐका. मध्ये एकदा जिन्यातून हाक आली. मी वरून म्हटलं, आले, दोन मिनिटं. मग पुन्हा हाक आली नाही.

आणि हवा स्थिर झाली. चंद्र असा उभा राहिला की श्वास सोडायची भीती वाटली. काळोख्या बाजूला, रेषेच्या जरासं पलीकडे, एका डोंगराचं नुसतं टोक उजळलेलं. खाली सगळी रात्र, आणि तेवढ्या टोकावर ऊन पोचलेलं. ते आलं. एका फोटोत ते जसंच्या तसं आलं. मी तिथेच फरशीवर बसले. मनात म्हटलं, आता बघते तुला.

पलीकडचा तो दिवा आज वेड लागल्यासारखा लागत-विझत होता. मग एकदम बंद झाला.

थोड्या वेळाने खाली दार धडाधडा वाजलं. मी उतरून उघडलं तर तो. दोन-दोन पायऱ्या चढून आलेला, छाती भात्यासारखी हलत होती. म्हणाला, “आई कुठाय? काय झालं तिला?”

माझ्या तोंडून “अहो” निघालं. जीभ हासडून टाकावीशी वाटली.

सासूबाई स्वयंपाकघरात दिवा न लावता बसल्या होत्या. त्याने त्यांच्या पुढ्यात बसकण मारली. तेव्हा सगळं बाहेर आलं. वर्षभर रोज संध्याकाळी तो त्या इमारतीतून बॅटरी दाखवतो आणि त्या माझ्या गच्चीवरून हात हलवतात. आज गच्चीवर त्या दिसल्या नाहीत म्हणून तो धावत आला. डास नव्हतेच. मी बिनडोक.

मग त्याला त्यांचे डोळे दिसले. म्हणाला, हे इतकं वाढलंय? ऑपरेशन का झालं नाही अजून? माझ्याकडे बघत होता. मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, “आजची तारीख देत होते. मीच नको म्हटलं.”

म्हणजे बाकड्यावर बसून त्यांनी सगळं ऐकलं होतं.

तो गेला. मी त्यांना विचारलं, माझी बाजू का घेतलीत? त्या म्हणाल्या, त्याला काय करायचंय आपल्या घरातलं. मला त्यांचे उपकार नकोत. कुणाचेच नकोत.

३० मार्च

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. माझ्या गच्चीवर, माझ्या पाठीमागे, माझ्या नाकाखाली. मी त्याच्यावर बाण रोखून बसलेली आणि माझी माणसं त्याला हात हलवतात.

सकाळी त्यांना म्हटलं, आई, तिकडे जायचं असेल तर जा. मी अडवणार नाही. बॅग भरून देते. हे बोलताना मला बरं वाटत होतं. ते लपवून काय उपयोग?

त्या खूप वेळ टेबलावरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, “तुझं चिडणं खरं आहे. मीही चिडलेय त्याच्यावर. अजून त्याच्या घरात पाऊल टाकलं नाही, टाकणारही नाही. पण चिडलं म्हणून बघायचंच नाही, असं मला नाही जमत. तुला जमतं, तू कर.”

मी बॅग भरली नाही. चहा दोघींचा केला, पण त्यांच्या समोर बसले नाही. संध्याकाळी खुर्ची मात्र वर नेऊन ठेवली. नदीकडे तोंड करून. मी खाली थांबले.

३१ मार्च

फोटो देऊन आले. भिंगवालीने पाकीट उघडून पाहिला आणि चष्मा काढून पुसला. मग पुन्हा पाहिला. तिचा तो चेहरा पाहून अर्धं जिंकल्यासारखं वाटलं.

१२ एप्रिल

प्रदर्शन. निकाल लागेपर्यंत फोटोंखाली नुसते क्रमांक असतात. माझा चंद्र मधल्या भिंतीवर, त्याचा शेजारच्या खिडकीजवळ. परीक्षक बाहेरगावचे होते. त्यांनी माझा पहिला काढला. त्याच्या फोटोला नंबरच नाही.

माहेरचं नाव पुकारलं तेव्हा मी मुद्दाम त्याच्याकडे बघत होते. कित्येक आठवडे मी या एका क्षणाची तालीम केली होती. त्याचा रंग उडेल, तो भिंगवालीकडे बघेल, मान खाली घालेल. मग मी जवळून जाताना हळूच काहीतरी बोलेन. तीन-चार वाक्यं तयार होती.

तर तो हसला. छद्मी नाही, मनापासून. लोकांतून वाट काढत आला आणि म्हणाला, “ते डोंगराचं टोक. मला आजवर एकदाही मिळालं नाही.”

मी म्हटलं, तुम्हाला आश्चर्य नाही वाटलं? म्हणाला, नाही, मी रोज बघत होतो. आई दिसावी म्हणून दुर्बीण लावायचो, त्यात तूही दिसायचीस. पौर्णिमेला तू स्टँडला लाथ मारलीस तेही पाहिलं. फॉर्मवर तुझं नाव पाहून ही घरी येऊन म्हणाली, तुझी बायको चंद्र काढतेय. आम्ही बोललो नाही, कारण माहेरचं नाव लिहिलंयस म्हणजे तुला कळू द्यायचं नसेल.

म्हणजे मी आंधळ्यासारखी लपत होते आणि ही दोघं दुर्बीण लावून बसलेली. माझ्या सगळ्या वाक्यांचं पाणी झालं. माणसाने निदान रीत म्हणून तरी वाईट वाटून घ्यावं. इतकं साधं सुख मागितलं होतं मी.

मग त्याने विचारलं, “पण तुला शिकवलं कुणी?”

मी म्हटलं, “तुमच्या आईंनी. चंद्रावर ऊन असतं, हे त्यांनी सांगितलं मला. तुम्हाला कधी सांगितलं नाही? अठरा वर्षं एकाच घरात होतात.”

त्याचं हसू गेलं. तेवढं एक लागलं, आणि खोलवर लागलं. भिंगवालीने त्याचा हात धरला. घरी येताना मला वाटत होतं, आता पोट भरल्यासारखं वाटेल. अजून वाटलं नाही. उद्या वाटेल.

सासूबाईंना मेडल हातात दिलं. त्यांनी बोटांनी चाचपलं, छान जड आहे म्हणाल्या. मग विचारलं, “तो आला होता? कपडे बरे होते का?” मी म्हटलं, इस्त्रीचे होते.

२२ एप्रिल

ऑपरेशन झालं. त्याला कुणी कळवलं विचारलं नाही, पण तो आमच्या आधी येऊन बसला होता. कॉरिडॉरमध्ये एकच बाकडं. त्या टोकाला तो, या टोकाला मी, मधे माझी पर्स.

बऱ्याच वेळाने त्याने घसा साफ केला. मला वाटलं, माफी मागतो की काय. म्हणाला, “त्या फोटोला शटर कितीवर ठेवलं होतंस?”

मी म्हटलं, “बस विचार करत. तुझ्याकडे वेळ आहे.”

‘तू’ म्हटल्याचं माझ्या नंतर लक्षात आलं. त्याच्या लगेच आलं असावं. खाली फरशीकडे बघत राहिला.

नर्स बाहेर आली आणि म्हणाली, “आजींच्या घरचं कोण?”

आम्ही दोघंही उठलो. ती एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघून म्हणाली, आत एकालाच सोडते. तो थोडा वेळ उभा राहिला. मग स्वतःच खाली बसला आणि म्हणाला, “तू जा. तिला तूच लागशील.”

मी गेले. मागे वळून पाहिलं नाही. जिंकल्यावर कोण मागे बघतं? सासूबाई डोळ्यावर पट्टी बांधून पडल्या होत्या. माझी पावलं ओळखून हात पुढे केला. हात गार होता. मी दोन्ही हातांत धरून चोळला. त्या म्हणाल्या, “तो बाहेर आहे?”

मी म्हटलं, आहे.

“मग बस जरा,” म्हणाल्या. “त्याला घाई नाही.”

मी बसले. त्यांना झोप लागली तरी हात सोडला नाही. मधेच वाटलं, जावं बाहेर आणि सांगून टाकावा त्याला तो शटरचा आकडा, काय असं मोठं आहे त्यात.

अजून सांगितलेला नाही.